दीपगृहाची मागची बाजू

मागे कुणीतरी होतं.

समोरचं सगळं तिच्या ओळखीचं होतं. धुकं, धुक्यातून वर गेलेलं दीपगृह, पायाखालचा ओला धक्का, दगडांवर आपटणारं पाणी... हे चित्र ती लहानपणापासून बघत आली होती. पण तेव्हा ते चित्र होतं, स्क्रीनला चिकटलेलं, न हलणारं. आज तो जड हेडसेट डोळ्यांवर चढवल्यावर ती चित्राच्या आत उभी होती. आणि आत उभं राहिलं की आपल्याला मागची बाजूही असते, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. त्या मागच्या बाजूला कुणीतरी श्वास घेत होतं.

ती गर्रकन वळली. घाबरलेल्या माणसाचा उठतो तसा तिचा हात उठला, आणि नुसता हवेतून फिरायला हवा होता तो कशावर तरी फाडकन आपटला.

"आई गं!" समुद्र म्हणाला.

तिनं हेडसेट ओरबाडून काढला. चाचणीच्या खोलीत, तिच्यापासून हातभर अंतरावर, फिकट निळ्या शर्टातला एक माणूस उभा होता. हातात रिकामा कप. कपातली कॉफी खिशापासून पोटापर्यंत पसरलेली.

"अहो, तुम्ही... तुम्ही मागे काय करत होतात?"

"माझं कामच मागे असतं," तो शर्ट चिमटीत धरून म्हणाला. "केबल सैल झाली होती, ती बसवायला आलो. तुम्ही आत होतात. म्हटलं, हाक मारली तर दचकाल."

"म्हणून श्वास रोखून उभे राहिलात?"

"रोखला कुठे? रोखला असता तर कॉफी वाचली असती."

तिला हसू आलं नाही. आपटलेला हात तिनं ओढणीत लपवला. त्याला ते दिसलं असावं, कारण त्यानं मुद्दाम नजर वळवली आणि शर्टावरच्या डागाकडे असा बघत राहिला, जणू तो डाग आता गळ्यात घालून मिरवायचाय. त्या वळवलेल्या नजरेची आठवण तिला संध्याकाळी बसमध्ये आली... आणि लगेच भीतीही वाटली. माणसं आधी अशीच वागतात, तिला माहीत होतं.

गेम जुना होता, कोड्यांचा. एक बाई बेटावर येते. तिचा नवरा, दीपगृहाचा रखवालदार, नाहीसा झालेला असतो. चक्रं, तरफा, भोंगे, भरती-ओहोटीचे काटे यांची कोडी सोडवत ती विझलेला दिवा पुन्हा लावते. एवढीच गोष्ट. रखवालदार शेवटपर्यंत सापडत नाही. पण ज्यांनी तो लहानपणी खेळला, त्यांच्या डोक्यातून तो काही केल्या जात नाही. आता एक कंपनी तोच गेम नव्यानं बनवत होती, आणि या कंपनीत ती 'जुळवणी'चं काम करत होती. डाव्या स्क्रीनवर जुनं चित्र, उजवीकडे नवी जागा. दगडाचा रंग तोच आहे का, खिडकी तिथंच आहे का, भोंगा तसाच रडतो का, हे बघायचं आणि 'जुळतं' किंवा 'जुळत नाही' असं लिहून द्यायचं.

सगळंच जुळवायचं नव्हतं म्हणा. कोड्यांची उत्तरं आता दर खेपेला बदलणार होती. ज्यांना जुनी उत्तरं तोंडपाठ होती, त्यांचा आता काही उपयोग नव्हता. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तिला रागच आला होता. निदान एका जागी तरी उत्तरं ठरलेली असावीत की!

आणि दुसरा मोठा बदल म्हणजे, मागे वळता यायचं. जुन्या चित्रांना फक्त समोर होतं. नव्या गेमला चारी बाजू हव्या होत्या. जुन्या गेमनं जे कधी दाखवलंच नाही, ते बनवण्याचं काम त्या निळ्या शर्टवाल्याकडे होतं. ऑफिसात त्याला सगळे 'मागचा' म्हणत.

"तपासनीस बाई," दोन-चार दिवसांनी तो तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "धक्क्यावरची जुळवणी तुम्ही दिलीत. पण मागचं काही लिहिलं नाहीत."

"मागचं जुन्या गेममध्ये नाहीये. जुळवू कशाशी?"

"तुम्ही वळलाच नाहीत."

"वळले होते. तुमच्या शर्टाला विचारा."

तो हसला. मग जरा खाली वाकून, हळू आवाजात म्हणाला, "भीती वाटते का?"

"छे!"

"मला वाटते. रिकामी जागा दिली की आधी पोटात गोळा येतो. तिथं काय ठेवायचं, कुणी सांगितलेलं नसतं ना..." त्यानं मान खाजवली. "एकदा वळून बघा. चावणारं काही ठेवलेलं नाही. शपथ."

तो गेल्यावर तिनं हेडसेट चढवला. जीव मुठीत धरून धक्क्यावर उभी राहिली. मग हळूहळू, मानेचा एकेक मणका फिरवावा तशी, वळली. मागे दोरखंडाच्या वेटोळ्यात एक मांजर झोपलं होतं. झोपेत त्याचा एक कान हलत होता.

ती खुदकन हसली. खोलीत कुणी नव्हतं म्हणून बरं.

मग तशी रीतच पडली. भोंग्याच्या खोलीत ती वळायची, तर मागे दोरीवर वाळत घातलेले मोजे, त्यातल्या एकाला अंगठ्यापाशी भोक. स्वयंपाकघरात मागे एक तीन पायांची खुर्ची, चौथ्या पायाच्या जागी विटा रचलेल्या. दर वेळी वळण्याआधी काळजात धस्स व्हायचं, आणि दर वेळी मागे काहीतरी वेडपट, घरगुती, कुणाचंतरी असायचं. ती टेबलापाशी परतली की तो पलीकडून भुवया उंचावायचा. ती ओठ दाबून कामात डोकं खुपसायची.

"रखवालदाराची बायको त्याचे मोजे शिवत नव्हती वाटतं," ती एकदा म्हणाली.

"तो शिवू देत नसणार. भोक असलं की घरी आल्यावर ती ओरडायची. ते ऐकायला तो मुद्दाम तसेच घालायचा."

"हे गेममध्ये कुठंय?"

"कुठंच नाही. म्हणून तर मला पगार मिळतो."

फक्त एका जागी ती वळत नसे, आणि ती जागा म्हणजे जिना.

दीपगृहाचा गोल जिना जुन्या गेममध्येही सगळ्यांत वाईट होता. तो चढताना मागून पावलं ऐकू यायची. आपण थांबलो की ती थांबायची, चालू लागलो की चालू लागायची. कुणाची, ते गेम सांगत नसे आणि वळताही येत नसे. लहान असताना ती हा जिना बाबांच्या मांडीवर बसून चढायची. डोळे गच्च मिटलेले, माउसवरची टिचकी बाबांची. "चल गं, मी आहे ना मागे," ते म्हणायचे, आणि त्यांच्या छातीचा ऊबदार दाब पाठीला लागायचा. बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली होती.

आणि नंतर ती एक सकाळ. तिची लेक भिंगरी तेव्हा जेमतेम दीड वर्षाची. ती दाराकडे पाठ करून तिला भरवत होती. मागून नवरा म्हणाला, "येतो." रोजच्यासारखंच म्हणाला. तिनं "हं" केलं. घास भरवून वळली तेव्हा दार नुसतंच उघडं होतं. तो आलाच नाही. आली ती वकिलाची नोटीस.

तेव्हापासून ती अशी झाली होती. गॅस बंद केलाय का, खिडकीची कडी लागलीय का, भिंगरीचा श्वास चालू आहे का... सगळं सारखं तपासायचं. तपासनीस हे नाव मागच्यानं उगाच नव्हतं ठेवलं. त्या जिन्यात मात्र तिची तपासणी थिजायची. नजर समोरच्या दगडांवर खिळवून ती भराभर चढायची. दगड जुळतात, पायऱ्या जुळतात, पावलं... पावलंही जुळतात. वर पोचली की हेडसेट काढून लगेच लिहायची, 'जिना : जुळतो.'

एक दिवस पाळणाघर बंद होतं आणि तिच्या आईचा गुडघा धरला होता. तिला भिंगरीला ऑफिसात आणावं लागलं. बाहेर पाणी साचलेलं, भिंगरीच्या पायांत पिवळे रबरी बूट.

"हे काय, बदक आणलंत?" मागचा म्हणाला.

"मी बदक नाहीये," भिंगरीनं सुनावलं. "मी मोठी आहे. तुझ्या शर्टावर घाण आहे."

"ती तुझ्या आईनं केलीय."

भिंगरीनं आईकडे अशा काही कौतुकानं बघितलं, की तिला कान लाल झाल्यासारखे वाटले. दिवसभर ती पोर त्याच्या टेबलाखाली घर करून बसली. संध्याकाळी तो त्यांच्याबरोबर बसच्या थांब्यापर्यंत आला. मग दुसऱ्या दिवशीही आला, भिंगरी नसताना. मग कधी घरापर्यंत. तिच्या आईनं त्याला चहा दिला, आणि तो गेल्यावर नाक न मुरडता कप विसळला. आईच्या बाबतीत ही मोठीच पसंती होती.

आणि तिथंच सगळं बिघडलं.

आता ती घरी पोचली की भिंगरी दाराशी धावत यायची, पण आईकडे बघायचीच नाही. आईच्या मागे बघायची. जिन्याकडे, बोळाकडे. मग डोळ्यांतला दिवा मंद व्हायचा. "आज नाही?"

"आज नाही, राणी."

"पोरगी दाराकडे डोळे लावून बसते हल्ली," आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "तुझं काय ते ठरव बाई लवकर. आत घ्यायचं तर आत घे. उंबऱ्यात उभं करून ठेवू नकोस, वारा लागतो सगळ्यांना."

"आई, तू पण ना..."

"मी पण काय? मी काही बोलले का?"

ती रात्रभर कूस बदलत राहिली. मोठ्या माणसाला सोडून जाणं एक वेळ ठीक. ते मोडतं, सांधतं, नोकरीला लागतं. पण हे पिल्लू दुसऱ्यांदा उघड्या दाराकडे बघत राहिलं तर? सकाळी उठली तेव्हा तिचं ठरलं होतं. ती आता एकटीच लवकर निघू लागली. तो भुवया उंचावायचा, तर ती स्क्रीनच्या आड जायची.

गेमला कुलूप लागायला थोडेच दिवस उरले होते. त्यानंतर कुणालाही काही बदलता येणार नव्हतं. एका दुपारी खिडकीपाशी त्यानं तिला गाठलं. चेहरा जरा उतरलेला. हात खिशात.

"जिना बघितलात?"

"बघितला."

"परवा बदलून दिला होता. त्यानंतरचा?"

"रोजच बघते. लिहूनही दिलं."

"हो. 'जुळतो.'" तो काचेवर साचलेली वाफ बोटानं पुसत राहिला. "एवढंच? म्हणजे... आणखी काही म्हणायचं नाहीये तुम्हाला?"

"आणखी काय असायला हवं होतं?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग मान हलवली.

"नाही. बरोबर आहे तुमचं. दुसऱ्या शहरातून बोलावणं आलंय मला. मोठा गेम आहे. म्हटलं, जिन्याचं काय होतंय ते बघून ठरवावं." तो थांबला. "जाऊ?"

जाऊ नका, असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण जिभेला भिंगरीचे ते मंद होणारे डोळे दिसले असावेत. "तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली.

"ठरलं मग."

कुलूप लागायच्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्या अख्ख्या गेमच्या प्रमुख. चष्मा कपाळावर, आवाज भोंग्यासारखा.

"हे बघ, मला जिन्यात भूत हवं होतं. चांगलं दात विचकणारं. लोक वळतील तेव्हा बोंबलले पाहिजेत! मागच्यानं ऐकलं नाही. आणि वर तू पण त्याच्याच बाजूची."

"मी?"

"तूच पास केलास ना तो माणूस? लेखी दिलंयस, जुळतो म्हणून. म्हणून मी गप्प बसले. पण त्याच्या शर्टावरचा तो डाग काय आहे गं? रखवालदारानं निदान धुतलेला शर्ट घालावा की!"

तिच्या कानात लाटा आपटायला लागल्या. "कुठला... माणूस?"

मोठ्या बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. "तू वळलीच नाहीस?"

ती धावतच चाचणीच्या खोलीत गेली. हेडसेट चढवताना घाईत पट्टा लागेना. मग धुकं... धक्का... झोपलेलं मांजर... जिना. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागून पाऊल वाजलं.

ती चढत राहिली. पावलं चढत राहिली. अर्ध्यावर ती थांबली, तशी पावलंही थांबली. तिला आत्ता, इतक्या वर्षांनी, पहिल्यांदाच कळलं की आपल्याला भुताची भीती कधी नव्हतीच. भूत असतं तर बरंच झालं असतं. भीती होती ती वळावं, आणि मागे नुसतं उघडं दार असावं, याची.

आणि मग तिला समोरच्या पायऱ्यांवर ते दिसलं. तिची सावली. लांबलचक, पुढे पडलेली. जुन्या चित्रातही ती तिथंच होती, जशीच्या तशी. तिनं रोज ती जुळवली होती आणि एकदाही विचार केला नव्हता. बाईच्या हातात कंदील नाही. जिन्याला खिडकी नाही. मग पुढे सावली पडते कशी?

उजेड मागे होता. पहिल्यापासून मागेच होता.

ती वळली.

चार पायऱ्या खाली रखवालदार उभा होता. कंदील उंच धरलेला, तिच्या वाटेवर उजेड पडावा म्हणून हात अवघडलेला. चेहरा अंधारात. अंगात फिकट निळा शर्ट, खिशापासून पोटापर्यंत डाग. दुसऱ्या हातात, वरच्या कडेत बोटं अडकवून धरलेले, छोटेसे पिवळे रबरी बूट.

गेममध्ये त्याला बोलणं दिलेलंच नव्हतं. नुसता उभा होता, ती चालू लागेपर्यंत थांबायला तयार.

तिनं हेडसेट काढला तेव्हा आतली गादी ओली झाली होती.

त्याचं टेबल मोकळं होतं. कप नाही, खुर्चीवरचं जॅकेट नाही. "आत्ताच गेला," कुणीतरी म्हणालं. लिफ्टचा दिवा कुठल्यातरी मजल्यावर अडकून बसलेला. ती जिन्याकडे पळाली. ऑफिसचा साधा, सिमेंटचा, फिनेलच्या वासाचा जिना. ती भराभर उतरत होती, कठड्याला धरून, आणि तिच्या मनात एकच, दार उघडं असणार... खाली दार नुसतं उघडं असणार...

मागून पावलं वाजली.

ती थांबली. पावलं थांबली.

या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत, ती वळली.

वरच्या वळणावर तो उभा होता, खांद्याला जॅकेट, हातात खोकं. "वर ओळखपत्र द्यायला गेलो होतो," तो चाचरत म्हणाला. "तुम्ही पळताना दिसलात. हाक मारणार होतो, पण म्हटलं..."

"दचकेन. हो ना?"

"मागच्या वेळी मार बसलाय मला."

"मी वळलेच नव्हते," ती म्हणाली. श्वास पुरत नव्हता. "इतके दिवस. जिन्यात... मी एकदाही वळले नव्हते. न बघता लिहून दिलं."

त्यानं खोकं हळूच पायरीवर ठेवलं. "आणि आता?"

"आता वळले."

"आणि?"

"शर्ट धुवायला हवा, असं मोठ्या बाई म्हणतात."

"आणि तुम्ही?"

तिनं कठडा घट्ट धरला. "मला भीती वाटते. खूप. माझ्यापेक्षा भिंगरीची. तिला तुमची सवय लागलीय. ती रोज माझ्या मागे बघते. तुम्ही एक दिवस 'येतो' म्हणालात आणि... मला उत्तर माहीत असल्याशिवाय काही करता येत नाही हो. आणि याचं उत्तर कुठं लिहिलेलंच नाहीये."

तो एक पायरी उतरला, तिथंच थांबला. "मलाही माहीत नाही उत्तर. खोटं कशाला सांगू? पण मी 'येतो' म्हणणारा माणूस नाही. मी मागून येणारा माणूस आहे. जरा हळू, पण येतो." मग खाली बघत, "तू थांबलीस तर थांबतोसुद्धा."

'तू' ऐकून ती दचकली. हात उठला... या वेळी मात्र तो त्याच्या बाहीवर जाऊन टेकला, आणि तिथंच राहिला.

"त्या दुसऱ्या शहराचं काय?"

"तिथं दुसरा कुणीतरी मोजे वाळत घालेल."

संध्याकाळी घराचा जिना चढताना ती पुढे होती. जिन्यातला दिवा गेला होता. मागून त्यानं मोबाईलचा उजेड धरला, तशी तिची सावली लांबलचक होऊन पायऱ्यांवरून पुढे पळाली. छातीत धडधड होतीच. ती काही आज संपणार नव्हती, तिला माहीत होतं. उद्याही कडी दोनदा तपासली जाणार होती.

बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. भिंगरी उभी होती. नेहमीसारखी तिनं आईकडे बघितलंच नाही, आईच्या मागे बघितलं.

ती वळली नाही. तिला वळावंच लागलं नाही. भिंगरीच्या डोळ्यांत तिला सगळं दिसत होतं.